शेअर विकला, पण पैसे हातात कधी? नव्या गुंतवणूकदारासाठी सेटलमेंटचे नियम

जिनिंगवर कापसाची गाडी खाली झाली, काटा झाला, पावती मिळाली, तरी चुकारा खात्यात येईपर्यंत घरात कुणी त्या पैशांवर खर्च ठरवत नाही. शेअर बाजारातही तेच आहे. मोबाइलवर 'ऑर्डर पूर्ण झाली' असं दिसलं की सौदा झाला, एवढंच. पैसे आणि शेअर यांची खरी अदलाबदल नंतर, ठरलेल्या दिवशी होते. तिला सेटलमेंट म्हणतात. भाव कसा ओळखायचा हे शिकवायला शंभर जण बसलेत, पण ही तारखांची बाजू कुणी धड सांगत नाही. वरुड, दारव्हा, हिंगणघाट, पुसदकडे नव्यानं डिमॅट (शेअर ठेवण्याचं खातं) उघडणाऱ्यांना बियाण्याचे किंवा कर्जाच्या हप्त्याचे पैसे ऐनवेळी अडकलेले दिसतात, ते बहुतेक वेळा या तारखा माहीत नसल्यामुळे. हा लेख कॅश बाजारातल्या, म्हणजे साध्या शेअर खरेदी-विक्रीच्या सेटलमेंटबद्दल आहे.

सौद्याआधी: खातं नीट जुळवून घ्या

पॅन, आधार आणि बँकेचं पासबुक या तिन्हींवरचं नाव एकसारखं हवं. आधारवर वडिलांचं नाव मधे आहे, पॅनवर नाही, पासबुकात आडनावाचं स्पेलिंग तिसरंच, हे खेड्यात घरोघरी आढळतं. खातं उघडताना हे कदाचित खपून जाईल, पण पुढे पैसे काढताना अडचण येऊ शकते. आधारला जोडलेला मोबाइल नंबर चालू हवा, कारण पुढे विक्रीच्या वेळी ओटीपी लागतो. तो नंबर मुलाच्या जुन्या सिमचा असेल तर आधी आधार केंद्रात जाऊन बदला.

बँक खातं बचत किंवा चालू प्रकारचं लागतं. किसान क्रेडिट कार्डाचं खातं हे कर्जखातं आहे. ते जोडता येत नाही आणि पीककर्जाचा पैसा शेअरमध्ये घालूही नये, कारण कर्जाच्या फेडीची तारीख शेअरच्या भावासाठी थांबत नाही. विदर्भ कोकण ग्रामीण बँक १ मे २०२५ पासून महाराष्ट्र ग्रामीण बँकेत एकत्र झाली आहे. बँका एकत्र होतात तेव्हा आयएफएससी कोड बदलू शकतो, म्हणून अशा बँकेत खातं असेल तर शाखेत विचारून ट्रेडिंग खात्यातला (ब्रोकरकडच्या सौद्याच्या खात्यातला) कोड तपासा. जिल्हा बँकेचं किंवा पतसंस्थेचं खातं सगळ्या ब्रोकरांकडे यूपीआयनं चालतंच असं नाही. गावाजवळ राष्ट्रीयीकृत बँकेची शाखा असेल तर तिथलं खातं जोडलेलं बरं.

पैसे फक्त स्वतःच्या, जोडलेल्या खात्यातूनच भरायचे. भावाच्या फोनवरून, त्याच्या यूपीआयनं ५,००० रुपये टाकले तर ब्रोकर ते धरत नाही, परत पाठवतो. ब्रोकरला रोख रक्कम घेता येत नाही, हे तर पक्कं लक्षात ठेवा. गावात कुणी रोख घेऊन 'मी तुमच्या नावानं घेतो' म्हणत असेल तर तिथे शेअरही नाही आणि सेटलमेंटही नाही. त्याला डब्बा ट्रेडिंग म्हणतात, तो गुन्हा आहे, आणि पैसे बुडाले तर दाद मागायला जागा उरत नाही. अधिकृत सौद्यात मधे क्लिअरिंग कॉर्पोरेशन उभी असते. समोरचा विकणारा किंवा घेणारा चुकला तरी तुमचं येणं तीच पुरं करते.

टी+१: सौद्याचा दिवस अधिक एक

सौदा झाला तो दिवस 'टी'. त्यानंतरच्या कामाच्या दिवशी सेटलमेंट, म्हणून टी+१. आधी ही मुदत टी+२ होती. २५ फेब्रुवारी २०२२ पासून टप्प्याटप्प्यानं बदल होत २७ जानेवारी २०२३ ला सगळे शेअर टी+१ वर आले. यूट्यूबवरच्या जुन्या व्हिडिओत 'दोन दिवसांनी' असं सांगितलेलं असेल तर तो नियम आता लागू नाही. मार्च २०२४ पासून काही शेअरांसाठी त्याच दिवशीच्या सेटलमेंटचा ऐच्छिक पर्यायही निघाला आहे, पण नव्या माणसानं त्याच्या मागे लागायचं कारण नाही.

सोमवारी खरेदी केली तर काय होतं ते पाहा. बाजार सकाळी ९.१५ ते दुपारी ३.३०. ऑर्डर लागली की तुमच्या ट्रेडिंग खात्यातली रक्कम अडकते. २४ तासांच्या आत ई-मेलवर कॉन्ट्रॅक्ट नोट येते. ती उघडून शेअरचं नाव, संख्या, भाव आणि कर पाहायची सवय पहिल्याच सौद्यापासून लावा. ॲपमधला शेअर त्या दिवशी 'टी१' अशा खुणेनं दिसतो. याचा अर्थ तो अजून तुमच्या डिमॅटमध्ये नाही. मंगळवारी क्लिअरिंग कॉर्पोरेशन पैसे आणि शेअर गोळा करते, आणि दुपारी साडेतीनच्या पुढे शेअर थेट तुमच्या डिमॅट खात्यात येतात. सीडीएसएल किंवा एनएसडीएल या डिमॅट खाती सांभाळणाऱ्या संस्थेचा एसएमएस येतो. बुधवारी सकाळी तो शेअर खऱ्या अर्थानं तुमचा, निर्धास्त विकण्यासारखा.

लाभांशाचंही गणित यावरच चालतं. कंपनीनं रेकॉर्ड डेट (लाभांश कुणाला द्यायचा हे ठरवण्याची तारीख) शुक्रवार जाहीर केली असेल तर खरेदी उशिरात उशिरा गुरुवारी व्हायला हवी. शुक्रवारी घेतलेल्या शेअरवर तो लाभांश मिळत नाही.

खरेदीची रक्कम अपुरी असेल तर

काही ब्रोकर पूर्ण रक्कम नसतानाही डिलिव्हरीची ऑर्डर घेतात. उरलेली रक्कम टी+१ ला भरावीच लागते. नाही भरली तर शेअर तुमच्या डिमॅटमध्ये येतात, पण ब्रोकरच्या नावे तारण होऊन. ठरलेल्या मुदतीत, म्हणजे पाच कामाच्या दिवसांत, थकबाकी दिली नाही तर तो ते विकू शकतो. भाव पडलेला असला तर तोटा तुमचा, शिवाय उधारीचं व्याज दिवसामागे.

ॲपवर 'डिलिव्हरी'च्या शेजारी 'एमटीएफ' असं बटण असतं. ते ब्रोकरच्या कर्जावर खरेदी करण्याचं. १०,००० रुपयांत ३०,००० चे शेअर दिसायला लागले की नव्या माणसाला ही काही सवलत वाटते. ते व्याजाचं कर्ज आहे, आणि व्याज रोज चढतं. खात्यात जेवढे पैसे तेवढीच खरेदी, आणि बटण 'डिलिव्हरी' किंवा 'सीएनसी'चंच.

विक्री: चार पायऱ्या, आणि त्यातली अडणारी

विक्रीची ऑर्डर टाकली की आधी डिमॅटमधून शेअर देण्याची परवानगी मागितली जाते. सीडीएसएलचं खातं असेल तर त्यांच्या पानावर सहा आकडी टीपिन आणि मोबाइलवरचा ओटीपी टाकायचा. ही परवानगी त्या दिवसापुरती असते. दुसऱ्या दिवशी विकायचं तर पुन्हा द्यावी लागते. शिवारात रेंज नसते, ओटीपी पाच मिनिटांनी येतो आणि तोवर पान बंद झालेलं असतं. म्हणून विक्रीचा विचार असेल त्या दिवशी सकाळी घरी किंवा गावात रेंज असतानाच परवानगी देऊन ठेवा. वारंवार विक्री होणार असेल तर डीडीपीआय नावाच्या कायमच्या अधिकारपत्राचा अर्ज भरता येतो. त्यानं तुमच्या विकलेल्या शेअरांची डिलिव्हरी, तारण अशी ठरावीक कामंच होतात. जुन्या मुखत्यारपत्रापेक्षा तो सुरक्षित आहे.

परवानगी मिळाली की विकलेले शेअर डिमॅटमध्येच अडकतात. सौदा लागतो. दुसऱ्या दिवशी शेअर जातात, पैसे येतात.

आता पैशांचं. ॲपमध्ये दोन वेगळ्या रकमा असतात: 'खरेदीसाठी उपलब्ध' आणि 'काढण्यासाठी उपलब्ध'. सोमवारी २०,००० चे शेअर विकले तर त्याच दिवशी पहिल्या रकमेत ते दिसू लागतात. काही ब्रोकर पूर्ण, काही थोडी रक्कम राखून. या पैशांतून त्याच दिवशी दुसरा शेअर घेता येतो. पण बँकेत पाठवता येत नाहीत. मंगळवारी सेटलमेंट होते, त्या रात्री किंवा बुधवारी सकाळी दुसऱ्या रकमेत पैसे येतात. मग तुम्ही काढण्याची विनंती टाकायची. ती ब्रोकरनं ठरवलेल्या वेळेच्या आत टाकली तर बुधवारी किंवा गुरुवारी बँकेत. गुरुवारी विकलं तर शनिवार-रविवार मधे येतात आणि पैसे सोमवार-मंगळवारवर जातात. हिशेब करताना विक्रीच्या दिवसापुढे कामाचे तीन दिवस सोडा. याहून लवकर आले तर चांगलंच.

मार्चअखेरची अडचण

हा भाग विशेष लक्ष देऊन वाचा, कारण आपल्याकडे तो दरवर्षी कुणाला तरी नडतो.

सोसायटीचं किंवा जिल्हा बँकेचं पीककर्ज बहुतेकांना ३१ मार्चच्या आत भरायचं असतं. मुदतीत फेडलं तर डॉ. पंजाबराव देशमुख योजनेतली व्याजसवलत मिळते, मुदत चुकली तर ती जाते. त्यासाठी कुणी शेअर विकायला ठेवलेले असतात आणि 'अजून दोन दिवसांत भाव वाढेल' म्हणून मार्चच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबलेले असतात.

१ एप्रिलला बँकांचं वार्षिक लेखाबंदीचं काम असतं. शेअर बाजार चालू असतो, सौदे होतात, पण सेटलमेंट होत नाही. म्हणजे ३१ मार्चला विकलेल्या शेअरचे पैसे १ तारखेला न येता २ एप्रिलला सुटतात, आणि १ तारखेचा सौदाही २ एप्रिललाच चुकता होतो. मग काढण्याची विनंती, मग बँक. रामनवमी, महावीर जयंती, गुड फ्रायडे याच सुमारास येतात. त्यातली एखादी सुट्टी मधे पडली की आणखी एक दिवस. ३० मार्चला विकून ३१ ला कर्ज भरीन असं कुणी म्हणत असेल तर ते होणार नाही. ३० ला विकलेल्याचे पैसे ३१ ला ट्रेडिंग खात्यात सुटतील, पण सोसायटीच्या सचिवाच्या टेबलापर्यंत त्या दिवशी पोहोचणार नाहीत. आमचं स्पष्ट मत: कर्जासाठीची विक्री २० मार्चपर्यंत उरकून घ्या. दहा दिवसांत भाव चार-पाच टक्के वाढला असता तरी गेलेली व्याजसवलत आणि थकबाकीदाराचा शिक्का त्याहून महाग पडतो.

अशीच दुसरी तारीख १९ फेब्रुवारी. छत्रपती शिवाजी महाराज जयंतीला महाराष्ट्रात बँका बंद असतात, पण बाजार चालू असतो. १८ आणि १९ या दोन्ही दिवसांचे सौदे २० ला चुकते होतात, २० कामाचा दिवस असेल तर. १८ ला घेतलेला शेअर १९ ला डिमॅटमध्ये नसतो. ज्या दिवशी बाजार चालू पण बँका बंद, त्याला सेटलमेंट हॉलिडे म्हणतात. ब्रोकर त्याची सूचना आधी पाठवतो आणि एनएसई, बीएसई या एक्स्चेंजच्या (शेअर बाजारांच्या) संकेतस्थळावर वर्षाची यादी मिळते. ती छापून कॅलेंडरच्या मागे लावा.

बियाण्याच्या बाबतीतही तसंच. मृग लागायच्या आधी कृषी केंद्रात सोयाबीनचं बियाणं उचलायचं असेल तर विक्री मेच्या अखेरच्या आठवड्यात नको, पंधरा दिवस आधी.

आज घेतलं, उद्या विकलं

टी+१ मुळे सोमवारी घेतलेला शेअर मंगळवारी दुपारनंतर येतो. पण ॲप तो मंगळवारी सकाळीच विकू देतं. याला बीटीएसटी म्हणतात. बहुतेक वेळा यात काही बिघडत नाही. बिघडतं ते असं:

सोमवारी ज्यानं तुम्हाला ५० शेअर विकले, त्यानं मंगळवारी ते दिलेच नाहीत. तुम्ही मात्र मंगळवारी तेच ५० पुढे विकून बसलात. एक्स्चेंज मंगळवारी लिलावात दुसऱ्या विकणाऱ्याकडून ते शेअर घेऊन बुधवारी तुम्हाला देतं. तुमच्या विक्रीचे शेअर द्यायची वेळही बुधवारीच, सकाळी. तोपर्यंत पोहोचले नाहीत तर तुमचाही सौदा अपुरा ठरतो आणि तुमच्या नावानं वेगळा लिलाव होतो, दंडासकट. चूक दुसऱ्याची, पण भुर्दंड तुमच्या लेजरमध्ये, म्हणजे ब्रोकरकडच्या खातेवहीत.

मोठ्या, रोज भरपूर उलाढाल असलेल्या कंपन्यांत असं क्वचित घडतं. रोज जेमतेम काही हजार शेअरांची उलाढाल असलेल्या छोट्या कंपन्यांत, आणि वरच्या सर्किटला (दिवसातल्या भाववाढीच्या ठरलेल्या मर्यादेला) अडकलेल्या शेअरांत, धोका खरा आहे. एनएसईवर 'बीई' मालिकेतले आणि बीएसईवर 'टी' गटातले शेअर तर प्रत्येक सौद्याला सक्तीची डिलिव्हरी मागतात. त्यात इंट्राडे (त्याच दिवशी घेणं आणि विकणं) चालत नाही आणि बीटीएसटीही करायचं नाही. शेअर डिमॅटमध्ये आल्याचा एसएमएस पाहिल्याशिवाय विकायचं नाही, हा नियम पहिलं वर्षभर पाळा.

नसलेला शेअर विकणं आणि लिलाव

इंट्राडेमध्ये आधी विकून नंतर घेता येतं. भाव पडेल असं वाटलं की लोक हे करतात. ४०० रुपयांवर ५० शेअर विकले, दुपारी ३९० ला परत घेतले, ५०० रुपये सुटले. हे ऐकायला सोपं वाटतं. आता दुसरी शक्यता. शेअरला पाच टक्क्यांचं सर्किट आहे. तुम्ही विकलं आणि भाव वाढत जाऊन ४२० ला वरच्या सर्किटला टेकला. तिथे घेणारे रांगेत, विकणारा एकही नाही. तुमची खरेदी लागतच नाही, बाजार बंद होतो, आणि तुमच्यावर ५० शेअर द्यायची जबाबदारी राहते जे तुमच्याकडे नाहीत. ते लिलावात घेतले जातात. लिलावाची किंमत आदल्या बंद भावाच्या २० टक्के वर जाऊ शकते, म्हणजे ५०४. शेअरमागे १०४ रुपये, एकूण ५,२०० रुपयांचा खड्डा, वर दंड आणि जीएसटी. लिलावातही शेअर मिळाले नाहीत तर पैशांत तोडगा निघतो. सौद्यापासून लिलावापर्यंतचा सर्वांत जास्त भाव, किंवा लिलावाच्या दिवशीच्या बंद भावाच्या २० टक्के वर, यातला जो जास्त तो धरून. ५०० रुपये कमवायला ५,२०० चा धोका घेण्यात काही अर्थ नाही.

शिवाय आपल्याकडची वीज आणि नेटवर्क. फीडर गेला, टॉवर बंद पडला, मोबाइलची बॅटरी संपली, तरी उघडा सौदा उघडाच असतो. ब्रोकर ३.१५ ते ३.२० च्या सुमारास स्वतः सौदा बंद करतो आणि त्याचं शुल्क घेतो. बऱ्याच ठिकाणी ते ऑर्डरमागे ५० रुपये आणि वर जीएसटी. इंट्राडे करणारच असाल तर ब्रोकरचा फोनवरून ऑर्डर घेणारा नंबर कागदावर लिहून खिशात ठेवा.

एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही: डिमॅटमधला शेअर सकाळी विकला आणि त्याच दिवशी, त्याच एक्स्चेंजवर परत घेतला तर ते दोन्ही एकमेकांत वळते होतात. डिमॅटमधून काहीच जात नाही आणि सौदा इंट्राडे धरला जातो. करही त्याच हिशेबानं, सट्ट्याच्या उत्पन्नासारखा.

छोट्या सौद्याला खर्च किती

२०,००० रुपयांची डिलिव्हरी खरेदी: एसटीटी (शेअर सौद्यावरचा कर) ०.१ टक्के म्हणजे २० रुपये, स्टॅम्प ड्यूटी ०.०१५ टक्के म्हणजे ३ रुपये, एक्स्चेंजचं शुल्क साठ पैशांच्या आसपास. पुढे २१,००० ला विकलं तर एसटीटी २१ रुपये आणि डिमॅटमधून शेअर गेल्याचं डीपी शुल्क, ब्रोकरनुसार साधारण १३ ते २० रुपये. ब्रोकरेज वेगळं. डीपी शुल्क शेअरच्या संख्येवर नसतं. एका कंपनीचे त्या दिवशी एक विका की शंभर, तेवढंच. म्हणून २,००० रुपयांचे शेअर चार दिवस थोडे थोडे विकले तर चार वेळा कापलं जातं. विकायचं तर एका दिवशी विका.

डिमॅटची वार्षिक फी वाचवायची असेल तर मूलभूत सेवा खातं, म्हणजे बीएसडीए, मागा. १ सप्टेंबर २०२४ पासून ४ लाखांपर्यंतच्या शेअरांना त्यावर वार्षिक शुल्क नाही, ४ ते १० लाखांपर्यंत वर्षाला १०० रुपये. अट एवढीच की एका पॅनवर एकच डिमॅट असावं.

पैसे गायब झाले असं वाटलं तर

ट्रेडिंग खात्यात ८,००० रुपये पडून होते आणि एका शनिवारी शून्य दिसले, तर घाबरू नका. वापरात नसलेले पैसे ब्रोकरला ठरावीक काळानं परत करावेच लागतात. तुम्ही निवडल्याप्रमाणे दर महिन्याला किंवा दर तीन महिन्यांनी, पहिल्या शुक्रवारी आणि शनिवारी. आधी बँकेचं पासबुक पाहा. तिथेही नसतील तर लेजर उघडा. कशासाठी किती कापलं ते ओळीओळीनं तिथे असतं.

ऑप्शनबद्दल थोडक्यात

ऑप्शन म्हणजे ठरलेल्या भावानं पुढे घेण्याचा किंवा विकण्याचा हक्क, आणि त्या हक्काची किंमत म्हणजे प्रीमियम. निफ्टीसारख्या निर्देशांकाचे ऑप्शन मुदत संपली की फरक रोखीत मिटवतात. एकेका कंपनीच्या शेअरवरचे फ्युचर-ऑप्शन मात्र ऑक्टोबर २०१९ पासून प्रत्यक्ष शेअर देऊन-घेऊन मिटतात. ५०० शेअरांचा लॉट (गठ्ठा), ठरलेला भाव १,०००, कॉल म्हणजे घेण्याच्या हक्काचा ऑप्शन नफ्यात असताना मुदत संपली, तर ५ लाख रुपये भरून शेअर घ्यावे लागतात, मग प्रीमियम तुम्ही ६,००० च दिलेला का असेना. बाजार नियामक सेबीच्या सप्टेंबर २०२४ च्या अहवालानुसार आर्थिक वर्ष २०२२ ते २०२४ या तीन वर्षांत फ्युचर-ऑप्शन करणाऱ्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. नव्या माणसानं हा विभाग ॲपमध्ये सुरूच करू नये.

तक्रार

शेअर टी+१ ला आले नाहीत, लिलावाचं कारण कळलं नाही, पैसे काढता येत नाहीत, असं काही झालं तर फोनवर भांडण्यात दिवस घालवू नका. ब्रोकरला लेखी ई-मेल करा आणि तक्रार क्रमांक घ्या. उत्तर समाधानकारक नसेल तर सेबीच्या स्कोअर्स संकेतस्थळावर पॅन टाकून तक्रार नोंदवा. ब्रोकरला २१ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. तरीही नाही सुटलं तर स्मार्ट ओडीआरवर ऑनलाइन तडजोड आणि लवादाचा मार्ग आहे, त्यासाठी मुंबईला जावं लागत नाही. सेबीची टोल-फ्री मदतवाहिनी १८०० २२ ७५७५. फसवून पैसे उकळले असतील तर त्याच तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या मदतवाहिनीवर फोन करा. तक्रारीत सौद्याची तारीख, ऑर्डर क्रमांक आणि सेटलमेंट क्रमांक लिहा. हे तिन्ही कॉन्ट्रॅक्ट नोटवर छापलेले असतात.